घायपात, अगेव्ह आणि आपला पावसाळा: उष्ण हवेत घरच्या बागेत कसं जगवायचं

मुरूममाती

नमस्कार मंडळी. गेले काही महिने बागकामाच्या जवळजवळ प्रत्येक धाग्यात अगेव्हचा (आपला घायपात ज्या कुळातला, त्या जाड पानांच्या झाडांचा) एक तरी प्रश्न येतोच, कुणाची पानं मऊ पडली, कुणाचं झाड पावसाळ्यात बुडापासून आडवं झालं, कुणाला फुटवे कधी काढायचे ते विचारायचंय. उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली जातात म्हणून हा स्वतंत्र धागा काढतेय. मी सासवडच्या बाजूला राहते, घराभोवतीची जागा उताराची आणि मुरमाड आहे, आणि बरीच वर्षं ही झाडं लावतेय. जे पक्कं माहितीये तेवढं लिहिते, बाकी तुम्ही भर घाला.

सगळ्यात आधी मुद्द्याचं. आपल्याकडे अगेव्ह जातं ते बहुतेक वेळा पावसाळ्यात, उन्हाळ्यात नाही. आणि वरून पाऊस पडला म्हणून जात नाही, बुडाशी पाणी राहिलं म्हणून जातं. ह्या झाडांचं मूळ घर मेक्सिको, दोनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य तिथल्याच. तिथेही बऱ्याच भागात पाऊस जून ते सप्टेंबरच पडतो, म्हणजे महिने आपलेच. फरक हा की तिथे ती डोंगरउतारावर, खडकाच्या फटीत, ज्वालामुखीच्या भुसभुशीत मातीत उभी असतात, पाणी आलं की तासाभरात निघून जातं. आणि आपण ती नर्सरीतून आणतो कोकोपीट ठासून भरलेल्या पिशवीत, तशीच कुंडीत बसवतो, खाली प्लेट ठेवतो, आणि जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा मुळं त्या ओल्या स्पंजात बसून राहतात.

तर माती. मी अर्धा भाग चाळलेला मुरूम घेते (चाळणीतून खाली पडलेली बारीक भुकटी टाकून द्यायची, वर राहिलेले खडे घ्यायचे), पाव भाग विटांचे बोराएवढे तुकडे आणि उरलेल्या पाव भागात बागेतली माती आणि जुनं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. बांधकामावरची कच वापरू नका, ती पाण्याने बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. परीक्षा सोपी आहे, कुंडीत तांब्याभर पाणी ओता, अर्ध्या मिनिटाच्या आत खालच्या भोकातून यायला लागलं पाहिजे. नाही आलं तर ती माती गुलाबाला द्या.

जमिनीत लावणार असाल आणि जमीन काळी असेल तर कृपा करून खड्डा खणून त्यात मुरूम भरू नका. हा सल्ला खूप जण देतात आणि काळ्या मातीत तो घातक आहे, कारण आजूबाजूची काळी माती पाणी धरून ठेवते, मुरमाच्या खड्ड्यात चारी बाजूंनी पाणी उतरतं आणि तुम्ही झाडाच्या मुळाशी छोटी विहीर खणलेली असते. त्यापेक्षा जमिनीच्या वर ढीग करा. दीड-दोन फूट उंच, दगडगोटे आणि मुरूम, त्यावर झाड, आणि झाडाची मान मातीच्या वर. पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीत गाडला गेला की तिथेच कुजायला सुरुवात होते.

लावायची वेळ. आपल्याला सवय आहे मृग लागला की सगळं लावायची. कुंडीतल्या अगेव्हला ते चालत नाही. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत लावा म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी मुळं धरलेली असतात. मुळं नसलेलं झाड ओल्या मातीत ठेवणं म्हणजे कुजायला ठेवणंच.

पाणी: माती पूर्ण सुकल्यावर भरपूर द्यायचं आणि मग पुन्हा सुकू द्यायचं. रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही. एप्रिल-मेमध्ये कुंडीला साधारण आठवड्याने, जमिनीतल्या जुन्या झाडाला पंधरा दिवसांनी एकदा दिलं तरी पुरतं, पावसाळ्यात शून्य. खत जवळजवळ नकोच, वर्षातून एकदा मूठभर कंपोस्ट पुरे. युरिया वगैरे दिलात तर पानं लांब, पातळ आणि लुसलुशीत होतात, झाडाची घट्ट गुलाबासारखी ठेवण जाते आणि बुरशी लगेच लागते.

जातींबद्दल खाली प्रतिसादांत बोलूच, आपापल्या गावचा पाऊस आणि ऊन किती ते लिहून सांगा म्हणजे उपयोग होईल.

जांभ्याचा चिरा

छान धागा ताई. मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे तुमचा अर्धा मुरूम वगैरे आमच्याकडे पुरत नाही हे आधीच सांगतो. पण कोकणात अगेव्ह होतच नाही असं जे लोक बोलतात ते काही खरं नाही. जुने गडगे आहेत ना, त्यांच्यावर घायपात पिढ्यानपिढ्या उभा आहे. गडगा म्हणजे काय, तर नुसते दगड रचलेले, मध्ये चिमूटभर माती, पाणी थांबायला जागाच नाही. मी तेच केलंय, परसात चिरे रचून कंबरेएवढा गडगा केला आणि वरच्या फटीत झाडं लावली.

आमच्या हवेत टिकलेली नावं सांगतो: पांढऱ्या-पिवळ्या कडेची अँगुस्टिफोलिया (ही सगळ्या सरकारी बागांत नि हायवेच्या मधोमध दिसते तीच), डेस्मेटियाना, आणि बिनकाट्याची अटेन्युएटा. अटेन्युएटा तर तुमच्याकडच्यापेक्षा आमच्याकडे बरी वाढते, कारण ऊन तेवढं भाजत नाही. पण त्या छोट्या महागड्या जाती, टायटॅनोटा, पोटॅटोरम, व्हिक्टोरिया रेजिनी, ह्या उघड्यावर ठेवायच्या नाहीत. मी पडवीच्या पुढे पारदर्शक पन्हळी पत्रा टाकलाय, बाजू मोकळ्या ठेवल्यात. बाजू बंद केल्यात तर वारा बंद होतो आणि मग पाऊस न लागताही बुरशी येते. हवा खेळली पाहिजे, हे छपराइतकंच महत्त्वाचं.

पावसाळ्यात पानांवर काळे-तपकिरी खोलगट डाग येतात ती बुरशी. मी मिरगाच्या आधी एकदा आणि मध्ये उघडीप मिळाली की एकदा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतो, लिटरला तीन ग्रॅम. सुपारीला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो त्यातलंच उरलेलं मारलं तरी चालतं. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, ते कापून जाळून टाकायचं, कंपोस्टात घालायचं नाही.

वऱ्हाडी ऊन

मुरूममाती ताई तुमचं पावसाचं मान्य, पण विदर्भात येऊन बघा म्हणतो मी, ऊनही मारते 🙂 आमच्या अकोल्याला मे महिन्यात ४५-४६ म्हणजे नेहमीचंच. अटेन्युएटा उघड्यावर ठेवली की पानं पांढरी पडतात, मग कागदासारखी सुकतात. फोटो बघून लोकं म्हणतात रोग आहे, औषध मारा. रोग नाही तो, भाजलंय ते.

अटेन्युएटा मुळात मेक्सिकोच्या थंड डोंगराळ भागातली आहे, दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवरची, तिला वाळवंटी समजून भर उन्हात ठेवायचं कामच नाही. सकाळचं ऊन द्या आणि अकरानंतर सावली. हिरवी जाळी लावा, ५० टक्क्यांची पुरते. उलट अमेरिकाना (राखाडी-निळसर रुंद पानांची जात) आमच्याकडे मस्त राहते, मे महिन्यात पानं थोडी आत वळून घेते, बाहेरची एक-दोन वाळतात, पाऊस पडला की परत ताठ.

अजून दोन गोष्टी ज्या आमच्याकडे फार महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे नर्सरीतून आणलेलं झाड सरळ उन्हात ठेवू नका, ते जाळीखाली वाढलेलं असते. आधी सावली, मग सकाळचा एक तास, मग दोन तास, असं करत तीन-चार आठवडे घ्या आणि हे सगळं हिवाळ्यात करा म्हणजे उन्हाळ्यापर्यंत झाड तयार. दुसरं म्हणजे काळी प्लास्टिकची कुंडी किंवा पिशवी गच्चीवर ठेवू नका, तिच्यात मुळं शिजतात. मातीची कुंडी घ्या, आणि ती पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, कारण भिंत रात्री दहापर्यंत गरमी सोडत राहते.

मुरूममाती

@जांभ्याचा चिरा, गडग्याची कल्पना फारच आवडली, देशावरही दगडी बांध रचून हे करता येईल.

@वऱ्हाडी ऊन, दादा, तुम्ही भिंतीचं जे म्हणालात त्यामागे कारण आहे ते लिहिते. अगेव्ह दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याच्यावर अन्न तयार करतं. म्हणून त्याचं पाणी कमी उडतं. पण ह्यासाठी रात्र गार असावी लागते. रात्रीचं तापमान तिशीच्या वरच राहिलं तर छिद्रं नीट उघडत नाहीत, झाड जिवंत राहतं पण वाढ थांबते. म्हणून मेमध्ये झाड वाढत नाही म्हणून घाबरून पाणी-खत वाढवायचं नाही, ते थांबलेलं आहे, थांबू द्यायचं. आणि पाणी द्यायचंच असेल तर संध्याकाळी माती निवल्यावर.

माळरान

मी सांगोल्याकडचा. तुम्ही ज्याला अगेव्ह अगेव्ह म्हणताय ते आमचं केकताड. आमच्या रानाच्या बांधाला आजोबांनी लावलेलं अजून हाय. आता एक गोष्ट मला पटली नाही ती सांगतो, राग मानू नका. मृगात लावू नका म्हणता, पण आमच्याकडं केकताडाची पिल्लं पावसाच्या तोंडावरच उपटून बांधावर नुसती टेकवून ठेवत्यात, ना खड्डा ना पाणी, आणि मरतच नाहीत. रेल्वेच्या कडेनं मैलोन् मैल केकताड दिसतं ते काय कुणी दसऱ्याला जाऊन लावलं नसंल.

आणि त्याचा उपयोगही सांगा की लोकांना, नुसतं शोभेचं झाड नाही ते. पूर्वी पानं कापून डोहात नाहीतर ओढ्याच्या कडेला दगडाखाली भिजत घालायची, कुजली की बडवून धुवायची आणि वाख म्हणजे आतले धागे काढायचे. पाण्याला असा वास यायचा की माणूस जवळ उभा राहायचा नाही, आणि हाताला खाज सुटायची ती वेगळीच. त्या वाखाची कासरं, दावी, म्होरक्या, चऱ्हाटं वळायची. बैलपोळ्याला बैलाला नवी म्होरकी, नवा कासरा पाहिजेच, आणि ते मातंग समाजातले कारागीर वळून द्यायचे, बलुत्यावर. आता सगळं नायलॉन आलं, बैलाच्या मानेला घासतं, पण स्वस्त पडतं म्हणून तेच. ज्यांनी हाताची सालटी काढून ते काम केलं त्यांची आठवण कुणी काढत नाही, म्हणून इथं लिहिलं.

मुरूममाती

दादा, राग कसला, फार मोलाचं लिहिलंत. वाख काढणाऱ्या लोकांचे हात त्या रसाने कायम फुटलेले असायचे हे मीही ऐकलंय, आणि ते कौशल्य आता अगदी थोड्या घरांत उरलंय.

मृगाबद्दल तुमचं म्हणणं तुमच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. त्याची कारणं तीन: केकताड म्हणजे अमेरिकाना नाहीतर सिसल, ह्या सगळ्यात काटक जाती. दुसरं, बांधाचा उतार आणि मुरमाड माळ. तिसरं, सांगोल्याचा पाऊस मुळात कमी आणि दोन पावसांमध्ये ऊन पडतं. ह्यातलं एक जरी बदललं, म्हणजे नाजूक जात किंवा सपाट काळी जमीन किंवा कोथरूडची कुंडी, की तोच मृग मारतो. म्हणून बांधावर लावणाऱ्यांनी खुशाल पावसाच्या तोंडावर लावा, कुंडीवाल्यांनी दसरा धरा.

ओळखायची खूण कुणाला हवी असेल तर: पानाच्या कडेला आकड्यासारखे काटे असतील, पान राखाडी-निळसर आणि रुंद असेल तर ती अमेरिकाना. कडा गुळगुळीत, फक्त टोकाला एक काटा आणि पान तलवारीसारखं सरळ असेल तर बहुतेक सिसल. दोरासाठी जगभर मुख्यतः सिसलच लावतात, आज सगळ्यात जास्त ब्राझीलमध्ये. आपल्या देशातही ओडिशातल्या बामरा इथे सिसलचं सरकारी संशोधन केंद्र आहे.

ठाण्याची गच्ची

मदत हवी आहे. माझ्याकडे १२ इंची कुंडीत व्हेरिगेटेड अँगुस्टिफोलिया आहे, दोन वर्षं छान होती, गेल्या आठवड्यापासून खालची पानं पिवळी होऊन मऊ पडली आहेत, हात लावला की गळून हातात येतात, आणि बुडाशी आंबूस वास येतोय. इकडे पाऊस थांबतच नाहीये. वरची पानं अजून ताठ आहेत. काही वाचेल का? एका ऑनलाइन ग्रुपवर सांगितलं की हळद लावा आणि पाणी वाढवा.

मुरूममाती

पाणी अजिबात वाढवू नका! वास येतोय म्हणजे गड्डा कुजतोय. आजच करा, उद्यावर टाकू नका. हातमोजे घालून झाड कुंडीतून पूर्ण बाहेर काढा, सगळी माती धुऊन टाका. मऊ पानं ओढून काढा. मग धारदार सुरी स्पिरिटने पुसून गड्ड्याचा कुजलेला भाग कापत जा, प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसायची. आतला भाग पांढरा, टणक, एकही तपकिरी ठिपका नसलेला दिसेपर्यंत थांबायचं नाही, मग सगळी मुळं गेली तरी चालेल. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची कोरडी पूड लावा आणि झाड घरात, पंख्याखाली, उलटं किंवा आडवं ठेवा. काप वाळून कातड्यासारखा होईपर्यंत, म्हणजे पावसाळी हवेत दहा-बारा दिवस तरी. त्यानंतर नुसत्या कोरड्या मुरमावर बसवा, आधाराला दगड लावा आणि मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. पानांत साठा आहे, झाड उपाशी मरत नाही.

मधला कोंब ओढून बघा, हलकेच. तो सुटून हातात आला तर मोठं झाड गेलं असं समजा, पण कुंडीत कडेला फुटवे असतील तर ते वाचवा.

जांभ्याचा चिरा

आणि ठाणेकर, ते झाड पुन्हा बसलं की कुंडीखालची प्लेट फेकून द्या, विटांच्या तीन तुकड्यांवर कुंडी ठेवा. गच्चीवर पावसाचं पाणी फरशीवर साचतं आणि कुंडी खालून पीत राहते, हे लक्षात येत नाही कुणाच्या.

पाचवा मजला

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाई म्हणतात काटेरी झाड दारात नको, वास्तूला बरं नाही. मला मात्र ही झाडं फार आवडतात. बिनकाट्याची कुठली आहे का, आणि रस विषारी असतो का? शेजारच्या काकू तर कोरफड समजून तोंडाला लावायला पान मागत होत्या.

चष्मेवाली

मी दवाखान्यात काम करते त्यामुळे हे उत्तर मी देते. काकूंना प्लीज पान देऊ नका! अगेव्हच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि सॅपोनिन नावाचं झोंबणारं द्रव्य असतं, कातडीवर लागलं की लाल चट्टे, आग, कधी फोड येतात. चेहऱ्यावर तर नकोच. छाटताना रस उडाला तर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. ट्रिमर किंवा करवतीने मोठं झाड कापू नका, रस तुषारासारखा उडतो आणि हातभर पुरळ उठतं. खायचा तर प्रश्नच नाही.

कोरफड आणि घायपात ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे पान मोडून बघणं: कोरफडीचं पान कट्कन तुटतं आणि आत पारदर्शक गर असतो, घायपाताचं पान तुटतच नाही, आत चिवट धागे लोंबतात. मोडताना हातमोजे घाला.

काट्याबद्दल जास्त काळजी घ्या. टोकाचा काटा सांध्यात, बोटाच्या पेरात घुसून तुकडा आत राहिला तर सूज महिनोन् महिने राहू शकते, घरी सुईने उकरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि डोळा. वाकून तण काढताना डोळ्यात काटा जातो, म्हणून चष्मा किंवा गॉगल घालूनच खाली वाका. लहान मूल असेल तर टोकाचे काटे नेलकटरने अर्धा सेंटिमीटर कापून टाका, झाडाला काही होत नाही, पानात आत कापू नका म्हणजे झालं.

मुरूममाती

@पाचवा मजला, तुमच्यासाठी अटेन्युएटा, नाहीतर ब्रॅक्टिओसा. दोन्हींना टोकाला काटाच नसतो, पानं मऊ. ब्रॅक्टिओसा लहान राहते, पानं हिरव्या कारंज्यासारखी वळतात, आणि तिची मजा म्हणजे इतर बहुतेक अगेव्ह फुलं आली की मरतात तशी ही मरत नाही. सासूबाईंचा आक्षेप काट्याला आहे, तर बिनकाट्याचं झाड त्यांनाही चालेल, आणि दारात न ठेवता गॅलरीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवा, सकाळचं ऊन मिळेल. त्यांना बरोबर घेऊनच निवडा ना.

सोनोरा वाळवंट

परदेशातून लिहितेय, ॲरिझोनात फिनिक्सला राहते, माहेर नाशिक. इथे घरोघरी अंगणात अगेव्ह असतं. नळाचं पाणी महाग म्हणून हिरवळ काढून खडी आणि अगेव्ह लावतात. वर्षाचा पाऊस साधारण २०० मिलिमीटर, म्हणजे कोकणातला भर पावसाळ्यातल्या एका आठवड्याचा.

वऱ्हाडी ऊन यांना आणि गरम रात्रीच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. २०२३ च्या जुलैत इथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ च्या वर होतं आणि कित्येक रात्री पारा ३२ च्या खाली आलाच नाही. तेव्हा वाळवंटातली म्हणून मिरवणारी झाडंसुद्धा भाजली, सग्वारो नावाचे दीडशे-दोनशे वर्षं जगणारे मोठे निवडुंग कोसळले, आणि अगेव्हची पानं पिवळी पडली. जी मेस्कीट, पालो व्हर्डेसारख्या विरळ सावलीच्या झाडाखाली होती ती सुखरूप राहिली. तेव्हापासून इथले लोक मोकळ्या खडीत लावायच्या ऐवजी झाडाखाली लावायला लागलेत. तुम्ही बाभूळ, शेवगा असल्या विरळ सावलीचा उपयोग करून घ्या. दाट आंब्याखाली नको.

आणि एक इशारा. इथे अगेव्हला सोंडवाला काळा भुंगा लागतो, नारळावरच्या सोंड्या भुंग्याच्या जातकुळीतलाच. मादी बुडाशी भोक पाडून अंडी घालते, तिच्याबरोबर जिवाणू आत जातात, गड्डा सडतो, अळ्या आतून खातात आणि एक दिवस मोठं झाड पसरट होऊन कोसळतं. मोठ्या, फुलायला आलेल्या अमेरिकानावर जास्त. म्हणून सामानातून, पर्समधून इथली रोपं भारतात आणू नका, कितीही सुंदर असली तरी. वनस्पती क्वारंटाइनचे नियम ह्याच्यासाठीच आहेत.

सुट्टीत मेक्सिकोत हालिस्कोला गेलो होतो, टकिला गावच्या परिसरात डोंगरउतारावर निळ्या अगेव्हच्या रांगा क्षितिजापर्यंत जातात. तो सगळा प्रदेश २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथले शेतकरी फुलाचा दांडा वर येऊच देत नाहीत, कारण झाडाने वर्षानुवर्षं गड्ड्यात साठवलेली साखर दांडा खाऊन टाकतो.

फुलोरा

दांड्याचा विषय निघालाच आहे तर. भोरजवळ आमच्या गावच्या घरी आईने लावलेली अमेरिकाना आहे, तिला मधूनच भल्यामोठ्या शतावरीच्या कोंबासारखा दांडा निघालाय आणि रोज वीतभर वाढतोय, छपराच्या वर गेलाय. आई हे झाड मरणार म्हणून हळहळतेय. दांडा कापला तर वाचेल का?

मुरूममाती

नाही वाचणार. दांडा निघाला म्हणजे मधला वाढीचा डोळाच फुलोऱ्यात गेलेला असतो, आता नवीन पान येणार नाही. कापलात तर झाड काही महिने जास्त उभं राहील इतकंच. माझं ऐकाल तर कापू नका, हे आयुष्यात एकदाच बघायला मिळतं. दांडा सहा-आठ मीटरपर्यंत जातो, वर फांद्यांवर पिवळी फुलं येतात, मधमाश्या, शिंजीर, मैना सगळे येतात. मेक्सिकोत तर वटवाघळं परागीभवन करतात. शंभर वर्षांनी फुलतं म्हणतात ते खरं नाही, आपल्या उष्ण हवेत अमेरिकानाला साधारण दहा ते तीस वर्षं लागतात.

दोन गोष्टी बघा. दांडा वजनदार असतो, वळवाच्या वाऱ्यात कोसळू शकतो, छपराच्या किंवा विजेच्या तारेच्या बाजूला कलला असेल तर दोर बांधून ठेवा. आणि बुडाशी फुटवे किती आहेत ते मोजा. अमेरिकानाला ते असतातच, आईंना सांगा झाड फुटव्यांच्या रूपाने तिथेच राहतं, मुळं तीच. सिसल, अँगुस्टिफोलिया, डेस्मेटियाना असेल तर दांड्यावरच शेकडो छोटी रोपं लागतात, बोटाएवढी झाली की हलवून पाडायची आणि मुरमावर ठेवायची. सिसलला तर बी जवळजवळ धरतच नाही, ते झाड असंच पसरतं.

माळरान

वाळल्यावर दांडा टाकू नका, हलका आणि ताठ असतो, आमच्याकडं झोपडीच्या छताला, मांडवाला वापरायचे.

ठाण्याची गच्ची

अपडेट: बराच गड्डा कापावा लागला, मधला कोंब घट्ट आहे! पंख्याखाली ठेवलंय. कुंडीत दोन फुटवे निघाले, एकाला स्वतःची मुळं आहेत. दोन्ही एकत्र लावू का?

आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे, ते काय?

वऱ्हाडी ऊन

पांढरा ढेकूण आहे तो, मिलीबग. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारा. उन्हात मारलं की पान भाजते. आठवड्याने परत मारा, पिल्लं राहतात. आणि मुंग्या बघा आधी, मुंग्या त्याला उचलून ह्या झाडावरून त्या झाडावर नेतात.

मुरूममाती

फुटवे वेगवेगळे लावा. मुळं असलेला चार दिवस सावलीत सुकवून लावा, बिनमुळाचा दहा दिवस. दोन्हींना छोटी कुंडी, झाडापेक्षा दोन बोटं मोठी पुरे. मोठ्या कुंडीत जास्त माती म्हणजे जास्त ओल. लावल्यावर पाऊस संपेपर्यंत घरातच खिडकीशी.

पाचवा मजला

सासूबाईंना ब्रॅक्टिओसाचा फोटो दाखवला, आवडला! पण इथल्या नर्सरीत मिळत नाहीये. ऑनलाइन घ्यायला भीती वाटते, मागे एका विक्रेत्याने अगेव्ह म्हणून दुसरंच काहीतरी पाठवलं होतं, मऊ पानं, पिवळे पट्टे, पिळवटलेली.

जांभ्याचा चिरा

ते बहुतेक फर्क्रिया असणार, अगेव्हचीच नातेवाईक, आपल्याकडे बागांत खूप आहे. वाईट झाड नाही, पण फार मोठं होतं, गॅलरीत बसायचं नाही. घेताना विक्रेत्याला झाडाच्या मधल्या कोंबाचा आणि बुडाचा फोटो मागा, नुसता वरून काढलेला नको. आणि व्हिक्टोरिया रेजिनीसारख्या जाती घेताना नर्सरीत वाढवलेलीच घ्या, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत कारण मेक्सिकोतल्या डोंगरातून लोकांनी ती उपसून नेली.

मुरूममाती

@पाचवा मजला, माझ्याकडे ब्रॅक्टिओसाचे फुटवे आहेत, दिवाळीनंतर काढणार आहे, एक तुमचा. आत्ता पावसाळ्यात काढत नाही, मूळ झाडाला जखम होते आणि ती ओलीत भरत नाही. पत्ता इथे लिहू नका, निरोपातून पाठवा.

पाठवायची पद्धत सगळ्यांसाठी लिहून ठेवते, कारण इथे देवाणघेवाण वाढावी असं मनापासून वाटतं: फुटवा काढून माती पूर्ण झाडायची, लांब मुळं दोन बोटांवर कापायची, आठवडाभर सावलीत सुकवायचं, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, खोक्याला दोन-तीन भोकं. प्लास्टिकची पिशवी नको आणि ओला कपडा तर मुळीच नको. असं पाठवलेलं रोप पंधरा दिवस खोक्यात राहिलं तरी काही होत नाही. मिळाल्यावर दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवा, मग लावा, आणि पहिलं पाणी लावल्यानंतर आठवड्याने.